हिरव्या रानात झुरणारी मेंढरं

गुडघाभर हिरव्या गवतात एक मेंढी उभी आहे. जवळ पाणी आहे, लांडग्याची भीती नाही, दुष्काळ नाही. तरी ती चरत नाही. डोळ्यांतून पाणी गळतंय, पापण्यांची आतली बाजू पांढरीफटक पडलीय, अंगावरची लोकर विरळ झालीय. असेच काही आठवडे गेले तर ती मरेल, आणि कुणी पाहिलं तर म्हणेल, हे जनावर उपासमारीनं गेलं.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मधोमध ज्वालामुखीच्या राखेचं मोठं पठार आहे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी तिथलं रान तोडलं, गवत पेरलं, मेंढ्या आणि गुरं सोडली. मग वर सांगितलेलं दृश्य त्यांना वारंवार दिसायला लागलं. त्यांनी त्याला ‘बुश सिकनेस’ म्हटलं, म्हणजे रानाचा आजार. दक्षिण ऑस्ट्रेलियात समुद्रकाठच्या चुनखडीच्या वाळूवर हेच दुखणं ‘कोस्ट डिसीज’ झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियात डेन्मार्क नावाच्या गावाभोवती ते ‘वेस्टिंग डिसीज’ म्हणून ओळखलं जाई. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मेंढपाळांना ते फार आधीपासून माहीत होतं. त्यांचा शब्द होता ‘पाइन’, म्हणजे झुरणं. चारही नावांत हे नाव सगळ्यात अचूक आहे.

या सगळ्या मेंढपाळांना एक उपाय ठाऊक होता: कळप हलवा. दुसऱ्या जमिनीवर नेलं की तीच मेंढी काही आठवड्यांत खायला लागे, अंग धरे. परत आणलं की पुन्हा झुरे. आपल्याकडचा धनगर पाऊस आणि चारा बघून वाडा हलवतो. इथे चारा भरपूर असूनही हलावं लागत होतं. म्हणजे दोष जमिनीत होता, एवढं अनुभवानं कळलं होतं. पण कुंपण घालून, कर्ज काढून शेत घेतलेल्या माणसाला जमीन कशी बदलता येणार? न्यूझीलंडच्या त्या पठारावर कित्येकांनी शेतं सोडून दिली. १९२० आणि ३० च्या दशकांत तिथल्या काइंगारोआ भागात मैलोन्‌मैल सूचिपर्णी झाडांची लागवड झाली. त्याचं एक कारण हेच होतं, की तिथे जनावर जगत नव्हतं.

न्यूझीलंडच्या शेतीखात्यातले मुख्य रसायनशास्त्रज्ञ बर्नार्ड ॲस्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या आजाराचा छडा लावायला घेतला. जनावरं पांढरी पडतात म्हणजे रक्त कमी, रक्त कमी म्हणजे लोह कमी, असा त्यांचा सरळ तर्क होता. त्यांनी लोहाचे क्षार दिले आणि जनावरं सुधारली. पुढे स्वस्त आणि सोपा उपाय सापडला. लिमोनाइट नावाचा पिवळसर-तपकिरी, लोहयुक्त दगड दळायचा आणि चाटण म्हणून द्यायचा. आज आपण ज्याला ‘नैसर्गिक पूरक आहार’ म्हणू, तो हाच. जमिनीतून काढलेला, कारखान्यात न बनलेला, आणि गुण देणारा.

गोष्ट इथेच संपली असती. मेंढी बरी होते आहे, मग आणखी काय हवं? पण एक गोष्ट खटकत होती. सगळं लिमोनाइट सारखं काम करत नव्हतं. एका खाणीतला दगड गुण देई, दुसऱ्या खाणीतला तितकंच लोह असूनही देत नसे. आणि गुण येण्यासाठी लोह इतकं द्यावं लागे, की रक्ताच्या गरजेपेक्षा ते कितीतरी जास्त भरे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात एरिक अंडरवुड हे तरुण संशोधक आणि जॉन फिल्मर हे पशुवैद्य याच प्रश्नाशी झुंजत होते. त्यांनी मेलेल्या जनावरांचं यकृत आणि प्लीहा तपासली. लोह कमी असेल तर तिथला साठा रिकामा असायला हवा. प्रत्यक्षात तो भरलेला होता. शरीरात लोह पडून होतं, पण वापरलं जात नव्हतं. मग त्यांनी एक साधी, पण धाडसी गोष्ट केली. लिमोनाइट आम्लात विरघळवून त्यातलं लोहच काढून टाकलं आणि उरलेला अर्क जनावरांना दिला. जनावरं बरी झाली. औषध म्हणून ज्याच्यावर भरवसा ठेवला होता, त्या लोहाचा काही संबंध नव्हता. त्या अर्काचे एकेक भाग वेगळे करत, प्रत्येक भाग जनावरांवर आजमावत ते १९३५ साली एका धातूपाशी पोहोचले: कोबाल्ट.

त्याच वर्षी दक्षिण ऑस्ट्रेलियातूनही हेच उत्तर आलं, पण वेगळ्या वाटेनं. ॲडलेडच्या हेडली मार्स्टन यांच्या गटानं वाचलं होतं, की कोबाल्ट दिल्यावर उंदरांच्या रक्तातल्या लाल पेशी वाढतात. त्या धाग्यावरून ई. डब्ल्यू. लाइन्स यांनी कोस्ट डिसीजच्या मेंढ्यांना रोज एक मिलिग्रॅम कोबाल्ट दिलं आणि मेंढ्या चरायला लागल्या. पुढे कळलं, की दिवसाला साधारण ०.१ मिलिग्रॅमही पुरतं. हिशोब करून बघा: हजार मेंढ्यांना वर्षभर मिळून छत्तीस-सदतीस ग्रॅम. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्याच्या बॅटरीतही बहुधा हाच धातू आहे. त्याच्या चिमूटभर अभावानं हजारो एकर जमीन ओसाड पडली होती.

उपाय मग भराभर निघाले. खतात कोबाल्टचा क्षार मिसळून कुरणावर टाकायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडमध्ये खत विमानातून फवारलं जाऊ लागलं, तसं हे काम आणखी सोपं झालं. १९५८ मध्ये मार्स्टन यांच्या गटानं जड ‘गोळी’ काढली. मेंढीला ती एकदा गिळायला लावायची. वजनामुळे ती पोटातच राही आणि कोबाल्ट थोडं थोडं सोडत राही. गोळीवर क्षाराचा थर बसून ती निकामी होऊ नये, म्हणून सोबत छोटा लोखंडी स्क्रू गिळवायचा. पोटात दोघं एकमेकांवर घासत आणि गोळी साफ राही.

पण मेंढीला कोबाल्ट लागतंच कशाला? याचं उत्तर माणसांच्या दवाखान्यातून आलं. पर्निशस ॲनिमिया हा तेव्हा जीवघेणा आजार होता. १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं, की रोज भरपूर यकृत खाल्लं तर रोगी जगतात. इथेही गोष्ट लिमोनाइटसारखीच: गुण येत होता, पण कशामुळे ते माहीत नव्हतं. त्याच काळात मुंबईत लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयावर काम करत होत्या. १९३१ मध्ये त्यांनी नोंदवलं, की यीस्टपासून बनणारं स्वस्त मार्माइट त्यावर चालतं. त्यात दडलेला घटक वेगळा होता, पुढे त्याला फॉलिक ॲसिड म्हटलं गेलं. यकृतातला घटक मात्र १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी शुद्ध रूपात हाती आला. त्याचे स्फटिक लालबुंद होते. त्याचं नाव बी-१२ जीवनसत्त्व, आणि त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू.

मेंढीचं कोडं आता उलगडलं. कोबाल्ट टोचून दिलं तर उपयोग होत नव्हता, पोटातूनच द्यावं लागे. कारण ते मेंढीला थेट नकोच होतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव त्या कोबाल्टपासून बी-१२ बनवतात. १९५१ मध्ये अमेरिकेत आजारी कोकरांना बी-१२ टोचलं आणि ती कोबाल्टशिवाय बरी झाली. मेंढी गवतातून ऊर्जा मिळवते ती मुख्यतः आंबवण्यातून तयार होणाऱ्या आम्लांपासून. त्यातल्या एका आम्लाचा वापर करायला बी-१२ लागतं. ते नसलं की आम्ल रक्तात साचतं आणि भूकच मरते. म्हणून ती हिरव्या गवतात उपाशी उभी राहते.

गवताला स्वतःला कोबाल्टची फारशी गरज नसते, त्यामुळे ते हिरवंगार दिसत राहतं. न्यूझीलंडच्या त्या पठारावर मेंढ्या येण्याआधी रवंथ करणारं एकही जनावर नव्हतं. त्या रानाला कसलाही आजार नव्हता. त्याच्याकडून नवी मागणी झाली तेव्हा ते कमी पडलं.

या गोष्टीचं एक टोक आपल्या घरात आहे. वनस्पतींत बी-१२ जवळजवळ नसतंच. शाकाहारी माणसाला ते मिळतं दुधा-दह्यातून, म्हणजे गाई-म्हशींच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या केईएम रुग्णालयाच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांमध्ये बी-१२ कमी आढळलं. ताट भरलेलं, पोट भरलेलं, तरी कमी. आता रक्ताचा रिपोर्ट फोनवर येतो आणि त्यात बी-१२ समोर ‘लो’ दिसतं, तेव्हा घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘काहीतरी नैसर्गिक घे.’ आणि मग कुणाला तरी कशानं तरी गुण आल्याची गोष्ट सांगितली जाते.

लिमोनाइटही नैसर्गिक होतं आणि त्यानंही गुण येत होता. तरी वीसेक वर्षं सगळे चुकीच्या धातूवर विश्वास ठेवून होते, आणि ज्यांच्या वाट्याला चुकीच्या खाणीतला दगड आला त्यांची मेंढरं मरत राहिली. ‘गुण येतोय ना, मग झालं’ असं म्हणून अंडरवुड आणि फिल्मर थांबले असते, तर आणखी किती काळ ती मरत राहिली असती कोण जाणे.

औषधाच्या दुकानात मिळणारं बी-१२ आज मोठ्या टाक्यांमध्ये जीवाणू वाढवून बनवतात. मेंढीच्या पोटात जे चालतं तेच काम तिथे चालतं. त्या जीवाणूंच्या खाद्यात कोबाल्टचा क्षार न विसरता घालावा लागतो. डॉक्टर बी-१२ चं इंजेक्शन देतात, त्या लाल औषधाच्या प्रत्येक रेणूत कोबाल्टचा तो एक अणू असतो.