झिरप सिद्धान्ताची पुनरावृत्ती : महाराष्ट्रातील डिजिटल दरीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

इ. स. १८८२ मध्ये मुंबई शहरात टेलिफोनचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन मांडले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. तथापि डिजिटल दरीचा इतिहास अभ्यासताना त्या एकत्र पाहणे उपयुक्त ठरते. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या श्रमातून उभा राहतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गाला मिळतो, असा फुले यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. वरच्या वर्गाला शिकविले की ज्ञान आपोआप खालच्या थरापर्यंत झिरपत जाईल, ही तत्कालीन शिक्षणधोरणामागील धारणा होती. फुले यांनी ती अनुभवाच्या आधारे नाकारली आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी इंटरनेट भारतात आले. या नव्या साधनाच्या प्रसारातही झिरप सिद्धान्त वेगळ्या नावाने कार्यरत राहिला काय, हा प्रस्तुत निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचा विचार मुख्यतः महाराष्ट्राच्या, विशेषतः वारणा खोऱ्यातील प्रयोगाच्या आधारे केला आहे.

टेलिफोनचा वारसा :

'डिजिटल डिव्हाइड' ही संज्ञा १९९० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली. परंतु भारतातील दरी त्या संज्ञेहून जुनी आहे. इंटरनेट प्रारंभी टेलिफोनच्या तारेवरून येत असल्यामुळे टेलिफोनच्या वाटपातील विषमता त्याला वारशाने मिळाली. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानेच ही स्थिती नोंदविली आहे. त्या वेळी देशात दर शंभर व्यक्तींमागे सुमारे ०.८ टेलिफोन होते, तर जागतिक सरासरी दहा होती. पावणेसहा लाखांहून अधिक गावांपैकी केवळ सुमारे १.४ लाख गावांपर्यंत टेलिफोन पोहोचला होता. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गाचाही अनुभव होता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण परिस्थितीला साजेशी एक्स्चेंजे विकसित केली आणि पुढे एस.टी.डी.-पी.सी.ओ.च्या पिवळ्या पाट्या चौकाचौकांत दिसू लागल्या. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे, की साधन मालकीचे नसतानाही त्याचा वापर शक्य झाला.

भारतातील संगणक-जाळ्याचा आरंभ १९८६ मध्ये 'अर्नेट' या शैक्षणिक प्रकल्पाने झाला. त्यात तंत्रशिक्षणाच्या अग्रगण्य संस्था आणि मुंबईतील एन.सी.एस.टी. यांचा समावेश होता; सामान्य महाविद्यालये त्या वर्तुळाबाहेरच होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. 'सर्वसामान्य' हा शब्द येथे सावधपणे घ्यावा लागतो. ही सेवा प्रथम महानगरांत उपलब्ध झाली. संगणक, मोडेम, टेलिफोनची जोडणी, हजारो रुपयांची वर्गणी आणि इंग्रजीचे ज्ञान या पाचही गोष्टी ज्याच्याकडे होत्या, तोच तिचा ग्राहक होऊ शकत होता. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना सेवा देण्याची मुभा मिळाली आणि सायबर कॅफेंचा प्रसार झाला. तरी दरीचा मूळ आकार बदलला नाही.

वारणा : एक महत्त्वाकांक्षी प्रयोग :

१९९८ मध्ये केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसर 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पासाठी निवडला गेला. ही निवड आकस्मिक नव्हती. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात तेथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता आणि त्याभोवती दूध संघ, शिक्षणसंस्था व ग्राहक भांडार असे सहकाराचे जाळे विणले गेले होते. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे या जाळ्यात होती. प्रकल्पाचा खर्च सुमारे अडीच कोटी रुपये होता. त्यातील निम्मा भार केंद्राने, चाळीस टक्के राज्याने आणि उर्वरित दहा टक्के वारणा विभाग शिक्षण मंडळाने उचलला. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती.

गावोगावी संगणक असलेली माहिती केंद्रे उघडण्यात आली. शेतीविषयक सल्ला, बाजारभाव, शासकीय योजना, शिक्षण आणि रोजगार यांची माहिती मराठीतून मिळावी, असा व्यापक उद्देश होता. प्रत्यक्षात ही केंद्रे मुख्यतः ऊस-व्यवहारासाठी वापरली गेली. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजनाची पावती, खताची उचल आणि उसाचे बिल यांची माहिती सभासदाला गावातच मिळू लागली. पूर्वी ज्या कामासाठी कारखान्याच्या कार्यालयात खेटे घालावे लागत, ते काही मिनिटांत होऊ लागले. हा लाभ खरा होता आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. वजनाचा आकडा वेळेवर हातात पडणे हे ऊस उत्पादकाच्या दृष्टीने पारदर्शकतेचे महत्त्वाचे पाऊल होते.

तथापि याच यशात प्रकल्पाची मर्यादाही दडलेली होती. केंद्रातील सर्वांत उपयुक्त माहिती सभासदाच्या खात्याशी बांधलेली होती. ज्याच्या नावावर ऊस नाही, त्याला त्या संगणकापाशी जाण्याचे फारसे प्रयोजन उरत नव्हते. भूमिहीन शेतमजूर, अल्पभूधारक कोरडवाहू शेतकरी, तसेच जमीन नावावर नसलेल्या स्त्रिया या गावाच्या रहिवासी होत्या. पण खातेदार नव्हत्या. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी मजूर येतात. गावच्या सभासदासाठी आखलेल्या माहितीव्यवस्थेत अशा स्थलांतरित श्रमिकाचे स्थान कोणते, हा प्रश्न त्या काळातील धोरणचर्चेच्या केंद्रस्थानी आला नाही. संगणक गावात पोहोचला. परंतु तो गावातील जमिनीच्या मालकीच्या आधारेच वाटला गेला.

पुढील घटनाक्रमही उद्बोधक आहे. वीजपुरवठा, दुरुस्ती आणि देखभाल यांचा खर्च हा ग्रामीण संगणक केंद्रांसमोरील नित्याचा प्रश्न होता. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने वारणेत 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने चाललेल्या या प्रयोगात संगणकाची जागा साध्या मोबाइल फोनवरील लघुसंदेशाने घेतली. संगणकावर होणारी कामे फोनवर तितकीच होऊ शकतात, खर्च कमी येतो आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटते, असे आढळून आले. कोट्यवधींच्या यंत्रणेपेक्षा खिशातील स्वस्त साधन अधिक उपयोगी ठरावे, ही बाब धोरणकर्त्यांना अंतर्मुख करणारी होती. साधनाची निवड वापरणाऱ्याच्या गरजेवरून न करता काळाच्या आकर्षणावरून केली जाते, हे त्यातून स्पष्ट होते.

भाषा आणि प्रशिक्षण :

तार व यंत्र यांच्याइतकाच भाषेचा अडसरही निर्णायक होता. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने 'जिस्ट' तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या आणि १९९१ मध्ये 'इस्की' हे प्रमाण संकेतन निश्चित झाले. परंतु व्यवहारात प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टचे संकेतन निराळे राहिले. एका संगणकावर टंकलिखित केलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला, तरी शासकीय कार्यालये, वृत्तपत्रे आणि छापखाने यांनी जुने फॉन्ट दीर्घकाळ सोडले नाहीत. परिणामी आंतरजालावर शोधता येईल असा मराठी मजकूर उशिरा आणि अल्प प्रमाणात निर्माण झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. मराठी वाचकासाठी जाळे उघडले तेव्हाही त्यात त्याच्या भाषेत वाचण्याजोगे थोडेच होते.

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने स्वतःचा मार्ग काढला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. शासकीय सेवेतील अनेक पदांसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्यामुळे या प्रमाणपत्राला मोठी मागणी आली. ग्रामीण युवक-युवतींना प्रथमच संगणक हाताळता आला, हे या उपक्रमाचे योगदान होय. मात्र या प्रशिक्षणाला शुल्क होते आणि प्रमाणपत्रानंतर घरी किंवा गावात संगणक नसल्यास संपादित कौशल्य टिकविणे कठीण होते.

आकडेवारीतील चित्र :

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील केवळ ३.१ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटसह संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण ८.३ टक्के, तर ग्रामीण भागात ०.७ टक्के होते. त्याच वर्षी अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशीय तंतूंनी जोडण्याच्या योजनेला केंद्राने मान्यता दिली. तिलाच पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. २०१६ नंतर मोबाइल डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि इंटरनेटचा प्रसार मुख्यतः मोबाइलद्वारे झाला. तरीही राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांना, तर ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के कुटुंबांनाच इंटरनेटची सोय असल्याचे आढळले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७.१ टक्के, तर स्त्रियांचे ३३.३ टक्के होते. २०२५ च्या आरंभी झालेल्या केंद्रीय सर्वेक्षणात मात्र ८६.३ टक्के कुटुंबांत इंटरनेट पोहोचल्याचे नोंदविले गेले.

या आकड्यांवरून दरी बुजत आल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कुटुंब हे मोजणीचे एकक धरले की घरातील विषमता अदृश्य होते. एकच स्मार्टफोन असलेल्या घरात तो बहुधा कमावत्या पुरुषाबरोबर घराबाहेर जातो. मुलीच्या अभ्यासाला तो केव्हा आणि किती वेळ मिळतो, हे आकडा सांगत नाही.

अधिकार की अट :

२०२० मधील टाळेबंदीने ही अदृश्य विषमता उघड केली. वर्ग फोनवर भरू लागले आणि फोन नसलेला विद्यार्थी हजेरीपटावर असूनही शिक्षणाबाहेर गेला. त्या काळात 'टिलीमिली' ही शालेय मालिका सह्याद्री वाहिनीवरून प्रसारित करण्यात आली. नवे माध्यम जेथे पोहोचत नव्हते, तेथे दूरचित्रवाणीचा आधार घ्यावा लागला, ही घटना बोलकी आहे. २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाच्या लसीकरणासाठी प्रारंभी ऑनलाइन नोंदणी अनिवार्य होती; तिच्यामुळे वंचित घटकांवर होणाऱ्या परिणामाविषयी सर्वोच्च न्यायालयाने चिंता व्यक्त केली.

न्यायालयांनी या विषयाला अधिकाराचे परिमाण दिले आहे. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. विद्यार्थिनी-वसतिगृहातील मोबाइलबंदीतून हा वाद उद्भवला होता, ही गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रवेशाचा प्रश्न केवळ दारिद्र्याचा नसून शिस्तीच्या नावाखालील नियंत्रणाचाही असतो, हे त्यातून दिसते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांचा लाभ घेता येणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचे अंग असल्याचे स्पष्ट केले. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिबाधित व्यक्तींना ओळख-पडताळणीत येणाऱ्या अडचणींचे होते.

दुसरीकडे शासनव्यवहार वेगाने ऑनलाइन होत आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून उपलब्ध झाला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याची पद्धत राज्यभर आली. सोय म्हणून आलेले साधन हळूहळू अट बनते. वारणेत १९९८ साली संगणक न वापरणाऱ्या ग्रामस्थाचे काही हिरावले जात नव्हते; तो केवळ एका लाभाला मुकत होता. आज मात्र फोन नसलेल्या शेतकऱ्याला आपल्याच पिकाच्या नोंदीसाठी दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागते. तीन दशकांतील हा सर्वांत मूलभूत बदल होय.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते, की महाराष्ट्रातील डिजिटल दरी ही तंत्रज्ञानाने नव्याने निर्माण केलेली नाही. जमीन, भाषा, लिंगभाव आणि शिक्षण यांतील जुन्या विषमतेवरच ती उभी राहिली. प्रत्येक टप्प्यावर साधन आधी वर पोहोचले आणि ते खाली झिरपेल असे गृहीत धरले गेले. जेथे ते खऱ्या अर्थाने खाली पोहोचले, तेथे काही सार्वजनिक व्यवस्था मध्यस्थ होती. मग ती पी.सी.ओ. असो, सहकारी संस्था असो वा दूरदर्शन असो. आपोआप झिरपण्याचा पुरावा इतिहासात आढळत नाही.

फुले यांनी १८८२ मध्ये केवळ अधिक शाळा मागितल्या नव्हत्या. शाळेत कोण येऊ शकतो, कोण शिकवितो आणि तिचा खर्च कोणाच्या कष्टातून होतो, हे प्रश्न त्यांनी विचारले होते. प्रकाशीय तंतूंच्या किलोमीटरांबरोबर हेच प्रश्न विचारले गेले, तरच जाळे पसरण्याला समाज जोडला जाणे म्हणता येईल. ज्या महाविद्यालयांच्या प्रवेशाचे, परीक्षेचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात, त्यांनी आपल्याच वर्गातील कोणता विद्यार्थी ते अर्ज स्वतः भरू शकत नाही, याची नोंद घेण्यापासून या विचारणेचा प्रारंभ करणे उचित ठरेल.