सिनेमा न पाहता खेळलेला अलादीन

सिनेमावरून काढलेला व्हिडिओ गेम म्हटलं की जाणकार मंडळी आधीच नाक मुरडतात. नाव मोठं लक्षण खोटं, असा त्यांचा अनुभव. हा अनुभव आला कुठून आणि त्याला एक ठसठशीत अपवाद कसा निघाला, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या अपवादाचा निवाडा आमच्या कडेगावातही झाला होता. तो कुणी लिहून ठेवला नाही, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात १९८२ ची. स्पीलबर्गचा 'ई.टी.' तुफान चालला आणि अटारी कंपनीने त्यावर गेम काढायचे हक्क भरमसाट पैसे मोजून घेतले. व्यवहार जुलैअखेर ठरला, आणि गेम नाताळात दुकानात हवा होता! हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या माणसाच्या हातात जेमतेम पाच आठवडे उरले. त्याने गेम पुरा केला. पण त्यातला ई.टी. सारखा खड्ड्यात पडायचा आणि पोरं वैतागायची. लाखो कॅसेटी खपल्या, पण त्याहून जास्त पडून राहिल्या. १९८३ साली अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत माल पुरला. २०१४ साली तिथे खणलं तेव्हा त्यात ई.टी.च्या कॅसेटीही खरोखरच निघाल्या. गंमत म्हणजे, गेम आला तेव्हाची परीक्षणं नुसती शिव्या घालणारी नव्हती, संमिश्र होती. 'जगातला सर्वात वाईट गेम' ही पदवी त्याला हळूहळू चिकटत गेली.

आता १९९३ कडे येऊ. डिस्नेचा 'अलादीन' हा सिनेमा आदल्या वर्षी आला होता. त्यावर एकाच सुमारास दोन वेगळे गेम आले. सेगाच्या यंत्रासाठी व्हर्जिन कंपनीत डेव्हिड पेरीच्या चमूने एक केला, तर निन्टेंडोच्या यंत्रासाठी जपानच्या कॅपकॉमने दुसरा. पेरीच्या चमूकडेही वेळ थोडाच होता, अवघे काही महिने. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती, जी वॉर्शॉकडे नव्हती. डिस्नेच्या चित्रकारांनी अलादीनच्या हालचाली कागदावर हाताने काढून दिल्या आणि त्या संगणकात उतरवल्या गेल्या. परीक्षकांनी डोक्यावर घेतलं, जवळपास ४० लाख प्रती खपल्या.

मग वाद सुरू झाला, दोघांत सरस कोणता? सेगाच्या अलादीनकडे तलवार होती. कॅपकॉमचा अलादीन बिनतलवारीचा, शत्रूच्या डोक्यावर उड्या मारणारा. एका पक्षाला सेगाचं चित्र देखणं वाटे, दुसऱ्याला कॅपकॉमची उडी नेमकी वाटे. कॅपकॉमचा गेम रचणाऱ्या शिंजी मिकामीनेच २०१४ च्या एका मुलाखतीत सांगून टाकलं, की मी तो केला नसता तर सेगाचाच विकत घेतला असता. प्रतिस्पर्ध्याची अशी दाद फार थोड्या कलाकृतींच्या वाट्याला येते.

आपल्याकडे पोचला तो सेगाचाच अवतार, पण १९९४ च्या संगणक आवृत्तीतून. कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंगचा सराव संपला की शेवटची दहा मिनिटं पोरं 'अलादीन' लावायची. त्यातल्या बहुतेकांनी सिनेमा पाहिलेलाच नव्हता! गोष्ट तेवढी ठाऊक होती. अरबी सुरस आणि चमत्कारिक गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून मराठीत आहेत. अल्लाउद्दीनचा दिवा घरचाच. त्यामुळे सिनेमाशी तुलना करायचा प्रश्नच नव्हता. सफरचंद लागलं की पहारेकऱ्याची विजार गळते, यावर क्लास हसायचा. उंटाच्या पाठीवर उडी मारली की तो थुंकतो, हे नव्या पोराला मुद्दाम दाखवायचे. गुहेतून गालिच्यावर बसून तापलेल्या लाव्हापुढे पळायचं आलं, की मागून चार जण ओरडायचे, "वर घे! वर घे!" "लई भारी हाय गा" हे आमचं परीक्षण. ना मासिक, ना गुण.

मला वाटतं, ही कसोटी जास्त कडक होती. परदेशी परीक्षक म्हणत, सिनेमा हुबेहूब उतरलाय. आमच्या पोरांना हुबेहूब कशाशी हेच ठाऊक नव्हतं. गेमला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं, आणि तो राहिला.

राहता राहिली घाईची सबब. आमच्या गावात मोहरमला शंभर फुटांच्या वरचे ताबूत उठतात आणि त्यांच्या भेटी बघायला माणूस लोटतो. तो दिवस कुणासाठी पुढे ढकलता येत नाही. तरी ताबूत वेळेवर आणि देखणे उभे राहतात, कारण मुरलेले हात पुष्कळ असतात आणि कामाला वेळेत लागतात. तारीख सगळ्यांनाच असते. अटारीने पैसा नावावर ओतला आणि हात एकच दिला. 'अलादीन'मागे हात होते.

पुढे २०११ मध्ये 'रा.वन' आला तेव्हा मुंबईच्या ट्राइन स्टुडिओने त्यावर प्लेस्टेशनचा गेम केला. म्हणजे हे काम आता आपल्या दारातही होतं. नाटक-सिनेमाच्या परीक्षणाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गेमची बातमी मात्र फार तर नटाच्या नावाने छापतात. खेळताना हाताला काय वाटलं, हे मराठीत कुणी लिहायचं?

ज्यांनी त्या शेवटच्या दहा मिनिटांत गालिचा वर घेतलाय, त्यांनीच. लिहा मंडळी.