गोळी रक्तातून जाते, गुण मागे राहतो

काल्हेरमध्ये बोलायचं म्हटलं की गोदामं आठवणारच. माल येतो, थांबतो, पुढे जातो. औषधाचंही आपण तसंच धरून चालतो: रक्तात माल आहे तोवर गुण. पित्ताच्या गोळ्यांच्या बाबतीत हे काही वर्षं खरं होतं.

१९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडीन आलं. त्यामागे जेम्स ब्लॅक यांचं काम. १९८८च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्याआधी चिवट अल्सर म्हणजे पुष्कळदा ऑपरेशनच. हे औषध हिस्टामिनची जागा अडवून बसतं. रक्तातलं प्रमाण उतरलं की जागा सुटते, आम्ल परत सुरू. म्हणून सुरुवातीला दिवसातून चारदा गोळी. १९८१ सालचं रॅनिटिडीन त्याच घराण्यातलं, फक्त जास्त टिकाऊ. रक्त तपासा, असराचा अंदाज बांधा, हिशेब सोपा.

मग १९८८ साली स्वीडनहून ओमेप्राझोल बाजारात आलं आणि हिशेब बिघडला. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण तासाभरात निम्मं होतं. संध्याकाळपर्यंत जवळपास काहीच उरत नाही. तरी दुसऱ्या दिवशीही आम्ल कमीच! कारण हे औषध जठराच्या पेशीतल्या आम्लाच्या पंपापाशी पोचतं, तिथल्या आम्लातच रूप बदलतं आणि पंपाला कायमचं चिकटतं. पेशी नवे पंप तयार करेपर्यंत सुटका नाही. त्यामुळे या क्षणी रक्तात किती आहे, याला फार अर्थ नाही. एकूण किती पोचलं, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, त्याच्याशी असर जुळतो.

आता हे आपल्या कामाचं का? इथे लूमवर रात्रपाळी असते, गोदामात हमाली असते, जेवणाची वेळ ठरलेली नसते. छातीत जळजळ उठली की गोळी, तासाभरात आराम नाही म्हणून दुसरी, मग "ही गोळी बोगस आहे" म्हणून बंद. आपल्या घरांतही हेच चालतं, खोटं कशाला बोला! पण ही गोळी चालू असलेल्या पंपालाच धरते, आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून जेवणाआधी अर्धा तास. पूर्ण जोर यायला तीन-चार दिवस लागतात.

आणखी एक. हे औषध मुख्यतः यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम मोडतं. ते ज्यांच्यात मंद असतं त्यांच्या रक्तात त्याच गोळीचं प्रमाण कित्येक पट चढतं. युरोपात असे लोक शंभरात दोन-तीन, भारतात त्याहून जास्त. शेजाऱ्याला एका गोळीत आराम पडतो आणि आपल्याला पडत नाही, त्यामागे हेही असू शकतं.