टाक

शाईचा टाक नव्हे, देव्हाऱ्यातला. संस्कृत 'टङ्क' म्हणजे दगड फोडायची छिन्नी आणि छाप मारलेलं नाणंही. टाकी, टांकसाळ, टाक ही सगळी त्याच घराण्यातली. टाक घडवताना सोनार चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकतो. उलट बाजूने घोडा, ढाल, हातातली तलवार उठून येते.

खंडोबा-भवानीचे टाक सगळ्यांना ठाऊक. पण कर्जत-खालापूरकडच्या ठाकूर आदिवासींच्या वाड्यांत घरातला गेलेला माणूसही 'वीर' होऊन टाकावर बसतो. चेहरा मात्र त्याचा नसतोच. व्हिक्टोरिया राणीने 1861 साली नवरा अल्बर्ट गेल्यावर खुद्द त्याचेच केस लॉकेटात जपले. इथे ठसा सगळ्यांना एकच, ओळख घरच्यांच्या तोंडी.

दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यातही पूर्वी मेलेल्या सवतीचा टाक असे. हा शोकाचा दागिना खराच, पण त्यात माया कमी नि धाक जास्त, असं माझं मत.

हात लागून टाक गुळगुळीत होतात, मग मोडीत जातात. तुमच्याकडे असतील, तर कोणता कोणाचा हे म्हाताऱ्या माणसांना विचारून आधी लिहून ठेवा.