चार वाजताचा चहा कुणाचा?

आजच्या गप्पांचा विषय जरा लांबचा आहे, पण शेवटी तो आपल्या चुलीपाशीच येणार आहे. विषय आहे चहाचा. तोही साधासुधा नाही, बोटीवरचा.

हौसेने समुद्रात फिरायला जाणाऱ्या मोठ्या बोटीला क्रूझ म्हणतात. विलायती पद्धतीच्या क्रूझवर दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला चहाचा एक सोहळाच असतो. 'क्वीन मेरी 2' ही बोट 2004 पासून चालू आहे. तिच्यावर मोठ्या दिवाणखान्यात वाद्यं वाजतात आणि पांढरे हातमोजे घातलेले वेटर ट्रे घेऊन टेबलाटेबलावरून फिरतात. पातळ कापलेल्या पावात काकडी घातलेले छोटे सँडविच असतात. स्कोन म्हणजे पाव आणि बिस्कीट यांच्या मधला एक प्रकार. त्यावर जॅम आणि घट्ट साय लावायची. शेवटी केक. चहा किटलीतून येतो, दूध वेगळं, साखर वेगळी.

हे ऐकलं की एक प्रश्न हमखास निघतो. एवढ्याशा सँडविचचा आणि नाजूक कपबशीचा हा थाट पुरुषांना आवडतो का? की बायकोच्या हट्टापायी ते नुसते शेजारी बसून राहतात? हा प्रश्न विलायतेतही विचारतात, कारण दुपारचा चहा म्हणजे बायकी काम अशी तिकडे समजूत आहे. आम्हाला गंमत वाटली ती याची, की आपल्याकडे नेमकं उलटं आहे. गावच्या नाक्यावर चहाच्या टपरीसमोरचं बाकडं कुणाचं? पुरुषांचं. मग चहा बायकी की पुरुषी? हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ या.

इंग्लंडमध्ये चहा आला तो सतराव्या शतकाच्या मध्याला, चीनमधून. तो विकला जायचा लंडनच्या कॉफी हाऊसमध्ये. ही कॉफी हाऊस म्हणजे पुरुषांचे अड्डे. व्यापारी, वकील, जहाजांचे मालक तिथे बसायचे, सौदे करायचे, वर्तमानपत्रं वाचायचे. घरंदाज बायकांना तिथे बसायला जागा नव्हती. म्हणजे सुरुवातीला विलायतेतला चहा हा पुरुषांचाच होता.

तो घरात आला एका राणीमुळे, आणि या राणीचा आपल्याशी संबंध आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ब्रॅगान्झा हिचं लग्न 1662 साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झालं. त्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी जावयाला मुंबई बेट देऊन टाकलं. पुढे 1668 साली राजाने ते वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. आपली मुंबई ज्या लग्नात हुंड्यात गेली, त्याच लग्नाने चहा इंग्लंडच्या राजवाड्यात रुळला. कॅथरिनला माहेरापासून चहाची सवय होती. राणी पिते म्हटल्यावर सरदारांच्या बायकाही पिऊ लागल्या.

पण घरी प्यायला चहा आणायचा कुठून? टॉमस ट्वायनिंग नावाच्या माणसाने 1706 साली लंडनमध्ये कॉफी हाऊस घेतलं आणि 1717 मध्ये त्याच्या शेजारी चहाचं दुकान काढलं. त्या दुकानात बायका स्वतः जाऊन चहा विकत घेऊ शकत होत्या. त्या वेळी चहा फार महाग होता, कर इतका की निम्मा चहा चोरवाटेने यायचा म्हणा ना. त्यामुळे चहाची पेटी कुलपात असे आणि किल्ली मालकिणीकडे. 1784 साली सरकारने चहावरचा कर 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे चहा गरिबाच्या घरात पोचला.

घरातल्या चहावर बाईची सत्ता होती आणि ती सत्ता बायकांनी एकदा फार मोठ्या कामाला लावली. चहात पडणारी साखर वेस्ट इंडीजच्या बेटांवरून यायची. तिथल्या उसाच्या मळ्यात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत होती. 1791 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये या साखरेवर बहिष्कार सुरू झाला. बायकांना मतदानाचा अधिकार नव्हता, सभेत बोलण्याची मुभा नव्हती. पण घरात कुठलं सामान भरायचं हे त्यांच्या हातात होतं. त्यांनी चहात साखर घालणं बंद केलं. चळवळीत काम करणाऱ्या टॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 3 लाख लोकांनी ती साखर सोडली होती. गुलामांच्या व्यापारावर बंदी यायला 1807 साल उजाडलं आणि गुलामगिरी रद्द करणारा कायदा 1833 मध्ये झाला. एकट्या बहिष्काराने हे झालं असं नाही, पण किराणा मालाच्या यादीतसुद्धा ताकद असते हे त्या बायकांनी दाखवलं.

आता दुपारच्या चहाकडे येऊ. हा चहा सुरू केल्याचं श्रेय बेडफर्डच्या डचेस ॲना यांना देतात. डचेस म्हणजे बड्या जहागीरदाराची बायको. त्या व्हिक्टोरिया राणीच्या दरबारी होत्या. बड्या घरांत तेव्हा रात्रीचं जेवण फार उशिरा, आठच्या सुमाराला होऊ लागलं होतं. दुपारचं खाणं हलकंच. मधल्या वेळी पोटात खड्डा पडायचा. म्हणून 1840 च्या आसपास या बाईंनी खोलीतच चहा, पाव आणि लोणी मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींनाही बोलवायला लागल्या, असं सांगतात. त्या वेळी घरचे पुरुष शिकारीला नाहीतर कामाला गेलेले. म्हणून हा चहा बायकांचा ठरला. पुरुषांना आवडत नव्हता म्हणून नाही, तर चार वाजता ते घरी नसत म्हणून.

मजुरांच्या घरी वेगळी तऱ्हा होती. गिरणीतून, खाणीतून माणूस सहाच्या सुमाराला घरी आला की टेबलावर चहाबरोबर पाव, मांस, बटाटे असं भरपेट जेवणच असे. त्यालाही ते 'टी'च म्हणत. ते पुरुष आवडीनेच खात. त्याला कुणी बायकी म्हणालं नाही.

याच मजुरांच्या वस्तीतली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. प्रेस्टन हे कापडगिरण्यांचं गाव. तिथे दारूने संसार उद्ध्वस्त होत होते. 1832 साली जोसेफ लिव्हसी आणि त्यांच्या सोबत्यांनी, मिळून सात पुरुषांनी, दारूला अजिबात न शिवण्याची शपथ घेतली. मग गावाला एकत्र आणायला त्यांनी चहाचे मोठे मेळावे भरवले. त्यात दारू सोडलेले पुरुष पांढरे एप्रन बांधून, हातात किटल्या घेऊन लोकांना चहा वाढायचे. कालपर्यंत गुत्त्यात पडून राहणारा माणूस आज बायकामुलांना चहा वाढतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे आडव्या बाटलीसाठी मतदान करायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता बोटीवर चढू. सॅम्युअल क्युनार्ड यांच्या कंपनीची 'ब्रिटानिया' ही पहिली बोट जुलै 1840 मध्ये लिव्हरपूलहून अमेरिकेच्या बाजूला निघाली. प्रवाशांना ताजं दूध मिळावं म्हणून बोटीवर चक्क एक गाय होती. पुढे बोटी मोठ्या झाल्या, पण घरातल्या भिंती बोटीवरही उभ्या राहिल्या. 1912 साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वर पहिल्या वर्गाच्या पुरुषांसाठी विडीसिगारेट ओढायचा वेगळा दिवाणखाना होता आणि बायकांसाठी म्हणून वाचन-लेखनाची खोली होती. दोघांनी एकत्र बसायची एक जागा म्हणजे मधलं मोठं दालन, आणि तिथे दुपारचा चहा मिळायचा. म्हणजे बोटीवर चहा ही नवराबायकोने शेजारी बसायची एक वेळ होती.

आणि हा चहा करून वाढत कोण होतं? सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला आणि मुंबईला विलायतेच्या बोटींची वर्दळ वाढली. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या दालनात काम करणारे बहुतेक लोक गोव्याचे होते. वरच्या डेकवर रत्नागिरीकडचेही खलाशी असत. त्यांच्या बायका गावी शेत, गुरं, सासूसासरे सांभाळत महिनोन्‌महिने मनिऑर्डरची वाट बघत. त्या पुरुषांनी हजारो कप चहा केला, वाढला, कपबश्या विसळल्या. बोटीवर त्याला नोकरी म्हणत, पगार मिळे. त्याच कामाला घरी बाईचं काम म्हणतात आणि त्याचा पगार कुणी धरत नाही.

चहा पुरुषांना किती महाग पडू शकतो, याचीही गोष्ट आपल्याच मुलखातली आहे. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पुण्यातली नामवंत मंडळी जमली. हे गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक हेही त्यात होते. मग नावं छापून आली आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून मोठं ग्रामण्य झालं. चौकशी बसली, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींमध्ये या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे. भांडण चहाच्या चवीवरून नव्हतंच. कुणाच्या हातचा घेतला आणि कुणाच्या शेजारी बसून घेतला, यावरून होतं.

लंडनच्या बायकांनाही हीच अडचण होती. घराबाहेर एकट्या बाईने बसायचं कुठे? 1864 साली एका पाव बनवणाऱ्या कंपनीने लंडन ब्रिजजवळ चहाचं दुकान काढलं आणि 1894 मध्ये लायन्स कंपनीचं पहिलं दुकान पिकॅडिलीला सुरू झालं. अशा दुकानांत बाई एकटी जाऊन बसली तरी कुणी नाव ठेवत नव्हतं. पुढे मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायका याच चहाच्या दुकानांत भेटायच्या आणि बेत ठरवायच्या. 1918 साली तिथल्या तीस वर्षांवरच्या काही बायकांना मत मिळालं आणि 1928 मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना मिळालं. चहाने मत मिळवून दिलं नाही, पण बसायला जागा दिली. जागा मिळाली की बोलणं होतं आणि बोलण्यातून पुढचं काम ठरतं. बचत गटाच्या बैठकीत आपण हे दर महिन्याला अनुभवतो.

तर मैत्रिणींनो, पुरुषांना बोटीवरचा दुपारचा चहा आवडतो का? इतिहास विचाराल तर चहा पुरुषांना पहिल्यापासून आवडत आला आहे. कॉफी हाऊसमध्ये आवडला, गिरणीतून आल्यावर आवडला, दारू सोडल्यावर आवडला, नाक्यावरच्या बाकड्यावर रोज आवडतो. जीभ बायकी किंवा पुरुषी नसते. बायकी-पुरुषी ठरते ती जागा, वेळ आणि काम. बोटीवर नवराबायको दोघंही निवांत बसतात, कारण चहा तिसऱ्याने केलेला असतो. घरी एक जण बसतो, कारण दुसरी उभी असते.

म्हणून आमचं तुम्हा सगळ्यांना सांगणं आहे. येत्या आठवड्यात रोज चार वाजता नुसतं लक्ष ठेवा. घरात आधण कोण ठेवतं, गाळतं कोण, पहिला कप कुणाला जातो आणि आपण आपला चहा बसून घेतो की काम करता करता, गार झाल्यावर? भांगलणीला गेला असाल तर बांधावर टेकायला किती वेळ मिळतो? हे गटाच्या वहीत लिहून आणा आणि पुढच्या बैठकीत वाचू या. आणि त्या बैठकीचा चहा गावातल्या दोघा-तिघा पुरुषांना करायला सांगू. प्रेस्टनच्या पुरुषांना जमलं, गोव्याच्या खलाशांना जमलं, आपल्या माणसांनाही जमेल. साखर किती घालायची तेवढं आपण सांगू.