सावडीनं राखलेली वारी

दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी, चोपदार, अन्नदाते यांची नावं या अंकात येतीलच. आम्ही चार शब्द लिहितो ते गावात मागं राहिलेल्यांविषयी, कारण दिंडी त्यांच्याही जिवावर चालली.

माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. तेव्हा मृग नाहीतर आर्द्रा लागलेला असतो, म्हणजे ऐन पेरणी. त्या साली आधी अधिक मास होऊन गेला असला तर वारी पुढं सरकते आणि कोळपणी-खुरपणीत सापडते. कुणब्यानं अशा वेळी तीन आठवडे रान सोडायचं कसं?

वाडवडलांनी याला तोड काढली ती सावडीची. आज आमच्या रानात, उद्या तुमच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. वारकऱ्याची पेरणी शेजारी उरकायचे, आणि तो पंढरीहून आला की तेवढे दिवस त्यांच्या रानात फेडायचा.

मोठ्या कामाला इर्जिक असे. काळ्या रानात लाकडी नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या लागत, तेवढी बैलं एका दावणीला नसत. मग सगळी आळी बैलं घेऊन येई, भलरी म्हणत काम ओढी आणि घरधनी पोटभर जेवू घाली. १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, तरी ओढायला बैलच लागले. ज्याच्याकडं एकच बैल, तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावी. त्याला वारंगुळा म्हणत.

खानदेशात पांझरेच्या काठी पाण्याचीही अशीच वाटणी. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी सोडायचं ते पाटकऱ्यानं.

मागं राहणाऱ्याला आपल्यात कमी मानत नाहीत. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, देवच त्यांच्याकडं गेला, असं परंपरा सांगते. आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते.

पुढं ट्रॅक्टर आला, दावणी मोकळ्या झाल्या. रोख पैसा टाकला की तासाभरात पेरणी होते, ते सोयीचंच आहे. पण खुरपणीला, जनावराच्या धारेला, रात्रीच्या पाण्याला माणूसच लागतो, आणि तो पैसे देऊनही वेळेला मिळत नाही. म्हणून तरणी पोरं म्हणतात, यायचं मन आहे, पण रान कुणावर टाकू? दिंडीत पिकली डोकी जास्त दिसतात ती यामुळं.

आमचं मागणं एवढंच. प्रस्थानाआधीच्या एकादशीला गावोगाव देवळात बसावं. कोण वारीला जाणार, कोण मागं राहणार, कुणाचं रान कुणी बघायचं, हे भिशीच्या वहीतच लिहावं. परत आल्यावर काल्याचा प्रसाद आधी त्यांच्या हातावर ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन त्यांच्या बांधावर जावं.