तबकडीनंतरचे मौन

ध्वनिमुद्रणाचा इतिहास बहुधा प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो विस्मरणाचाही वाटतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. ख्यालाला आणि नाट्यपदालाही तेवढ्यातच बसावे लागे. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घ तबकडी आणली आणि एक बाजू वीस मिनिटांवर गेली. रागविस्ताराला अवकाश मिळाला, हे खरेच. पण जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई नव्या तबकडीची बारीक खाच खराब करी. म्हणून यंत्रही नवे घेणे आले. पुढे १९६३ ची कॅसेट, १९८२ ची सीडी. दर वेळी घरातला धडधाकट संग्रह मुका होत गेला.

नव्या माध्यमात काय उतरवायचे, हे मुख्यतः खपाने ठरवले. बालगंधर्वांची पदे पुढे आली. अल्पपरिचित गायिकांची अनेक गाणी तबकडीतच राहिली. ती ऐकता येतात ती जुने यंत्र जपणाऱ्या संग्राहकांमुळे. तेव्हा जुने यंत्र मोडीत काढणे हा केवळ घरखर्चाचा प्रश्न नव्हे. उद्या काय ऐकू येईल, याचाही तो निर्णय असतो.